उन्हाळा आणि कुत्र्याची धाप

कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसापेक्षा एक-दोन अंशांनी जास्तच. ते 41 अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताची अवस्था सुरू होते. एरवीची स्थिती आणि जीवघेणी स्थिती यांच्यात अंतर आहे ते जेमतेम दोन अंशांचे, आणि तेवढे राखायला कुत्र्याजवळ मुख्य साधन एकच आहे, ते म्हणजे धाप. माणसाच्या सर्वांगाला घाम सुटतो, तो वाळताना कातडीतली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला घाम सुटतो तो पंजाच्या गाद्यांना. उन्हातून आलेला कुत्रा फरशीवर चालला की ओली पावले उमटतात ती त्याचीच. पण तेवढ्या घामाने अंग निवत नाही.

स्वस्थ बसलेला कुत्रा मिनिटाला 10 ते 30 वेळा श्वास घेतो. उकाड्यात तो तोंड उघडून, जीभ बाहेर काढून मिनिटाला 200 ते 400 उथळ श्वास घेऊ लागतो. ही हवा नाकातल्या ओल्या पडद्यांवरून आणि लाळेने भिजलेल्या जिभेवरून ये-जा करते, तिथले पाणी वाफ होऊन उडते आणि तिथून वाहणारे रक्त थंड होते. सगळी व्यवस्था एवढीच. ती तीन गोष्टींवर अवलंबून असते: अंगात पुरेसे पाणी हवे, नाकातोंडाची वाट मोकळी हवी आणि बाहेरची हवा कोरडी हवी. उन्हाळ्यातल्या काळजीचे बहुतेक नियम या तीन गोष्टींतूनच निघतात. शिवाय धाप फुकट मिळत नाही. धापताना छातीचे स्नायू काम करतात आणि त्यांचीही उष्णता तयार होते. धाप फार वेळ चालली आणि अंग थंड झाले नाही, तर हीच धाप भट्टीत सरपण घालू लागते.

कोरडे ऊन आणि दमट ऊन

भारतीय हवामान खाते मैदानी भागात कमाल तापमान 40 अंशांवर आणि किनारपट्टीवर 37 अंशांवर गेल्यानंतरच उष्णतेच्या लाटेचा विचार करते. हे आकडे माणसांसाठी ठीक आहेत. कुत्र्यासाठी तेवढ्यावर विसंबता येत नाही. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथल्या 44-45 अंशांची बातमी होते, मुंबईच्या किंवा पणजीच्या 34 अंशांची होत नाही. पण किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने जड झालेली असते. जिभेवरचे पाणी तिच्यात उडून जायला जागाच उरत नाही आणि कुत्रा नुसता धापत राहतो. म्हणून कोकणात, मुंबईत आणि गोव्यात तापमापकावरचा आकडा साधा वाटला तरी कुत्र्याच्या दृष्टीने दिवस वाईट असू शकतो. विदर्भ-मराठवाड्यात धाप चांगली काम करते, पण तिच्यासाठी लागणारे पाणी भराभर संपते. तिथे भीती आहे अंग सुकण्याची आणि थेट उन्हाच्या भाजण्याची.

ऋतूचाही विचार करावा लागतो. मे अखेरचा नवतपा सर्वांना माहीत असतो, त्यामुळे त्या दिवसांत काळजी घेतली जाते. फेब्रुवारी संपता संपता अचानक पारा चढतो, तेव्हा मात्र कुत्र्याच्या शरीराला उकाड्याची सवय झालेली नसते. ती व्हायला काही आठवडे लागतात. थंडीतला फिरण्याचा वेळ आणि वेग मार्चच्या पहिल्या आठवड्यात तसाच ठेवणे हे मे महिन्यातल्या उन्हाइतकेच धोक्याचे आहे. पावसाळा सरल्यावरची ऑक्टोबरची उष्णता हाही असाच दुर्लक्षित काळ.

कोणत्या कुत्र्यांना धोका अधिक

चपट्या तोंडाच्या जातींचा क्रमांक यात पहिला लागतो. पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, पेकिनीज, शिह त्झू आणि काही प्रमाणात बॉक्सर. या जातींचे नाक पिढ्यान्पिढ्या आखूड करत आणले गेले. आतले मऊ ऊतक मात्र त्या प्रमाणात कमी झाले नाही. नाकपुड्या अरुंद, टाळू लांब आणि श्वासाची वाट अर्धी बंद. ज्या पडद्यांवरून हवा खेळायची ते पडदेच आक्रसलेले. पग घोरतो, घुरघुरतो याचे घरात कौतुक होते. खरे तर तो आवाज श्वास अडल्याचा असतो. अशा कुत्र्याला एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जिना चढायला लावणेही जड जाते.

दुसरा गट थंड प्रदेशातल्या दाट केसांच्या जातींचा. सैबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड, अलास्कन मॅलम्यूट. यांच्या मालकांचे उत्तर ठरलेले असते की घरात एसी आहे. एसी आहे, पण वीज जाते, आणि कुत्र्याला दिवसातून दोनदा तरी बाहेर न्यावेच लागते. आधीच घरात असलेल्या हस्कीची काळजी घेता येते. सोलापूर-जळगावच्या हवेत नव्याने हस्की आणण्याचे समर्थन करणे मात्र कठीण आहे.

जाडजूड कुत्रे, म्हातारे कुत्रे, लहान पिल्ले, हृदयाचे वा फुप्फुसाचे दुखणे असलेले कुत्रे हेही जोखमीतले. म्हाताऱ्या लॅब्राडोरचे भुंकणे घोगरे झाले असेल आणि श्वास घेताना घर्रघर्र आवाज येत असेल, तर स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडल्याची शक्यता असते. असा कुत्रा उन्हाळ्यापूर्वी पशुवैद्यकाला दाखवावा. वजन हा मुद्दा बहुतेक घरांत हसण्यावारी नेला जातो. चरबीचा थर आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि गळ्याभोवतीची चरबी श्वासाची वाट दाबते.

गावठी कुत्र्यांची ठेवण या हवेला साजेशी आहे. आखूड केस, लांब नाक, सडपातळ बांधा. कारवानी आणि पश्मी या महाराष्ट्रातल्या शिकारी जातींचे उंच पाय आणि चेपलेले पोट पाहिले की हे लगेच पटते. त्यावरून देशी कुत्र्याला ऊन लागत नाही असा समज झाला आहे, तो मात्र खोटा. मोकळा गावठी कुत्रा उन्हाळा निभावतो तो अंगाच्या ठेवणीपेक्षा अकलेच्या बळावर. तो दहा वाजता सावली शोधतो, नळाखालची ओली माती उकरून तीत पोट टेकतो आणि संध्याकाळपर्यंत जागचा हलत नाही. त्याच कुत्र्याला साखळीने बांधले की ही अक्कल निकामी होते. सकाळी सावलीत असलेला खुंट दुपारी उन्हात येतो, पाण्याचे भांडे कलंडते आणि तो तिथेच अडकून राहतो.

फिरणे, पळणे आणि तापलेला रस्ता

बंद गाडीत कोंडल्यामुळे कुत्रे दगावतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा निराळे चित्र दिसले: उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुत्र्यांच्या आजाराचे कारण व्यायाम हे होते. ब्रिटनच्या सौम्य हवेत ही स्थिती, तर इथले काय सांगावे. पळताना स्नायूंतून निघणारी उष्णता बाहेरच्या उष्णतेत भर घालते, आणि कुत्रा आपणहून थांबत नाही. चेंडू फेकणाऱ्याचा हात चालू आहे तोवर लॅब्राडोर धावत राहतो. मालकाला खूश ठेवण्याची ओढ त्याला थकव्यापेक्षा मोठी वाटते. म्हणून थांबायचे कधी हे माणसानेच ठरवायला हवे.

फिरायला नेण्याची सकाळची वेळ सूर्य वर येण्याआधीची. नागपुरात मे महिन्यात पावणेसहाच्या आधीच उजाडते, म्हणजे सहाला घराबाहेर पडणे हेही उशिराचेच. संध्याकाळी सूर्य मावळल्याबरोबर निघणे चुकीचे, कारण दिवसभर तापलेले डांबर आणि सिमेंट त्यानंतरही बराच वेळ उष्णता ओकत राहतात. माणसाचे डोके जमिनीपासून पाच फुटांवर असते, डॅशहाउंडचे पोट चार इंचांवर. एकाच रस्त्यावर दोघे एकाच हवेतून चालत नाहीत. रात्री नऊनंतरचा फेरफटका अधिक बरा. दुपारी लघवीसाठी न्यावेच लागले तर घराजवळच्या सावलीत, मातीवर न्यावे आणि पाच-दहा मिनिटांत परतावे.

हवेचे तापमान 30 अंशांच्या आसपास असताना भर उन्हातले डांबर 55-60 अंशांपर्यंत तापू शकते. पंजाच्या गाद्या जाड असल्या तरी त्या जिवंत कातडीच्याच असतात. रस्ता तपासायची रीत सोपी आहे: हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवून पाच ते सात सेकंद ठेवावी. हात टेकवत नसेल तर कुत्र्याला त्यावरून नेऊ नये. चालता चालता कुत्रा पाय उचलू लागला, लंगडू लागला, घरी येऊन पंजे चाटत बसला, तर गाद्यांना फोड वा भेगा आहेत का ते पाहावे. भाजलेल्या पंजावर साधे गार पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, तेल यांचे लेप लावू नयेत. फोड फुटले असतील तर दवाखाना गाठावा.

मुसक्याविषयीही इथेच सांगायला हवे. सोसायटीच्या लिफ्टमध्ये किंवा रस्त्यावर कुत्र्याला मुसके बांधण्याचा आग्रह धरला जातो. कापडी पट्टीचे घट्ट मुसके तोंड मिटवून ठेवते आणि धाप बंद करते, म्हणजे अंग थंड करायचे मुख्य यंत्रच बंद पडते. मुसके लागणारच असेल तर जाळीचे, आतल्या आत तोंड पूर्ण उघडता येईल आणि पाणीही पिता येईल एवढे ऐसपैस घ्यावे.

घरातली जागा

कुत्रा घरात कुठे जाऊन पडतो ते पाहिले की निम्मे काम होते. बाथरूमच्या दारात, ओट्याखाली, शहाबादी फरशीवर, जिन्याच्या वळणावर. जिथे जमीन गार आणि हवा वाहती असते तिथेच तो आडवा होतो. त्याला तिथून उठवून जाड गादीवर आणून बसवू नये. गादी हवीच असेल तर रात्रीपुरती.

नुसत्या पंख्याने माणसाला जितका गारवा मिळतो तितका कुत्र्याला मिळत नाही, कारण त्याच्या कातडीवर वाळायला घामच नसतो. पोट, मांड्यांच्या आतली बाजू आणि पंजे पाण्याने ओले करून मग पंख्यासमोर बसवले की फरक पडतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात कामाचा. मुंबईत तो बंद खोलीत आणखी दमटपणा भरतो आणि धाप अवघड करतो. ओलसर करून घालायचे गार अंगरखे बाजारात मिळतात, त्यांचेही तेच. कोरड्या हवेत उपयोगी, दमट हवेत कुत्र्याला ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखे.

पत्र्याच्या अंगाच्या कूलरबाबत एक धोका वेगळा सांगावा लागतो. विदर्भात कूलरमध्ये वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात. कुत्रा ओल्या अंगाने, ओल्या जमिनीवर, त्या पत्र्याला पाठ टेकवून झोपतो. अर्थिंग तपासून घ्यावे, वायर चावता येणार नाही अशी उंचावरून न्यावी आणि कूलर शक्यतो खिडकीबाहेर बसवावा.

एसी 26-27 अंशांवर पुरतो. खोली बर्फासारखी करून तिथून कुत्र्याला एकदम उन्हात नेणे चांगले नाही. दिवसभर घर बंद करून कामावर जाणाऱ्यांनी वीज गेल्यावर काय होईल याचा विचार आधी करायचा असतो. खिडक्या बंद, एसीच्या भरवशावर कुत्रा आत आणि तीन तासांचे भारनियमन, हा प्रसंग वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडील खोलीत जीवघेणा ठरू शकतो. एखादी जाळीची खिडकी उघडी, आतल्या बाजूची गार खोली मोकळी, इन्व्हर्टरवर चालणारा पंखा आणि घराची चावी शेजाऱ्यांकडे, इतकी सोय तरी असावी.

कुत्रा बाहेर राहत असेल तर पत्र्याचे खुराडे दुपारी रिकामेच राहू द्यावे. ते घर नसून चूल असते. झाडाची सावली सगळ्यांत चांगली, कारण पाने स्वतः बाष्प सोडून खालची हवा गार ठेवतात. कडुलिंब, आंबा, करंज यांच्याखाली जमीन शिंपडून ठेवली तर कुत्रा तिथे दिवस काढतो. झाड नसेल तर हिरवी शेडनेट जाळी उंचावर बांधावी, म्हणजे खालून वारा वाहता राहतो. गच्चीवर कुत्रा ठेवणे उन्हाळ्यात कोणत्याही कारणाने योग्य नाही. ही बाब केवळ मनाच्या चांगुलपणाची नाही: 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे आणि आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे.

पाणी आणि खाणे

कुत्र्याला एरवी दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते. 20 किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर. उन्हाळ्यात ही गरज बरीच वाढते. भांडे एकच न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवावे, मातीचे किंवा दगडी असेल तर उत्तम. स्टीलचे भांडे उन्हात आले की पाणी कढत होते. दोन-तीन तासांनी पाणी बदलावे. त्यात बर्फाचे एक-दोन खडे टाकायला हरकत नाही.

पाणी पुरते आहे की नाही हे हिरड्यांवरून कळते. निरोगी हिरड्या ओल्या, गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडल्या तर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरड्या चिकट लागल्या, लघवी गडद पिवळी झाली, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट झाली नाही, तर पाणी कमी पडते आहे.

उकाड्यात कुत्रा कमी खातो, त्यात काळजीचे कारण नसते. मुख्य जेवण पहाटे आणि रात्री द्यावे. शिजवलेले अन्न उरले तर तासाभरात उचलून ठेवावे, कारण मे महिन्यात ते फार लवकर आंबते. ताक ज्यांना पचते त्यांना द्यायला चांगले, पण मीठ, हिरवी मिरची, कांदा न घातलेले. बिया काढलेले कलिंगड, काकडी, थोडे नारळपाणी चालते. आंबाही थोडा चालतो. कोय मात्र हाती लागू देऊ नये. ती गिळली की आतड्यात अडकते आणि मग शस्त्रक्रियेखेरीज इलाज राहत नाही. द्राक्षे, बेदाणे, मनुका थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी करू शकतात, म्हणून मुलांच्या हातचा खाऊ आणि नाशिककडून आलेली द्राक्षांची पेटी यांवर लक्ष असावे. उन्हापासून बचावासाठी खिशात कांदा ठेवायची, कांद्याचा रस चोळायची रीत माणसांपुरती राहू द्यावी. कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि अंगाला चोळलेला रस तो चाटणारच.

केस, अंघोळ, गोचीड

उन्हाळा लागला की दाट केसांच्या कुत्र्याची हजामत करून टाकण्याची घाई होते. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडोर, पॉमेरेनियन, हस्की यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर ऊन अडवतो आणि आतली लव झडून गेली की मधून हवा खेळते. मुळापासून केस काढले तर कातडी थेट उन्हात येते, आणि काही कुत्र्यांचे केस नंतर पूर्वीसारखे येतच नाहीत. यांना हवे असते ते रोजचे विंचरणे, म्हणजे सुटलेली लव निघून जाते. शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल यांचे केस माणसासारखे वाढतच राहतात. ते कापून आखूड करायला हरकत नाही, फक्त बोटभर तरी शिल्लक ठेवावेत. पांढऱ्या, गुलाबी नाकाच्या कुत्र्यांचे नाक आणि कानांची टोके उन्हाने भाजतात. माणसांची मलमे त्यावर लावू नयेत. झिंक ऑक्साइड असलेले मलम चाटण्यात आले तर ते विषारी ठरते.

रोज साबणाने अंघोळ घालण्याची गरज नाही, त्याने कातडी कोरडी पडते. नुसते पाणी चालते. किनाऱ्यावर मात्र अंघोळीनंतर अंग नीट कोरडे करावे, विशेषतः कान, काखा, मांड्यांचे सांधे. ओल राहिली की तिथे बुरशी आणि खाज लागते.

उन्हाळ्यात गोचीड वाढतात. भिंतींच्या फटींत त्या अंडी घालतात आणि त्यांच्यातून येणारा ताप, म्हणजे बोलीतला टिक फिव्हर, कुत्र्याला मरगळ, भूक न लागणे, कधी नाकातून रक्त अशी लक्षणे देतो. ही मरगळ उन्हाची समजून दिवस वाया घालवले जातात. कुत्रा सावलीत, पंख्याखाली, रात्रीच्या गारव्यातही मलूल असेल तर रक्ताची तपासणी करून घ्यावी.

गाडी आणि प्रवास

उभ्या गाडीच्या काचांतून ऊन आत येते आणि आतल्या आसनांची उष्णता बाहेर जात नाही. बाहेर 30 अंश असताना दहा मिनिटांत आत 40 अंशांच्या आसपास तापमान पोहोचते, अर्ध्या तासात ते 45 अंशांच्या पुढे जाते. काच चार बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, सावलीत लावलेली गाडीही तापते आणि सावली तर सरकतेच. धाब्यावर जेवताना कुत्रा गाडीत ठेवायचा नाही हे प्रवासाला निघतानाच ठरवावे. एक जण जेवेल तेव्हा दुसऱ्याने त्याला झाडाखाली घेऊन बसावे.

मे महिन्यात गावी जाताना पहाटे चारला निघून दहापर्यंत मुक्काम गाठणे हे सगळ्यांत सुखाचे. दर दोन तासांनी थांबून पाणी द्यावे. रेल्वेत पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित कूपेत कुत्रा बरोबर नेता येतो. ब्रेक व्हॅनमधल्या पेटीतून नेण्याचीही सोय आहे, पण ती पेटी उन्हाळ्याच्या दिवसा वापरू नये.

उष्माघात ओळखणे आणि पहिली मदत

उष्माघात एका क्षणात येत नाही. आधी धाप वाढते आणि सावलीत येऊन, पाणी पिऊनही ती दहा मिनिटांत उतरत नाही. जीभ लांब, टोकाशी रुंद होते. लाळ दाट, तारेसारखी लोंबते. डोळे लाल, हिरड्या गडद लाल. कुत्रा बसतो, उठतो, गार जागा शोधत फिरतो. मालकाने हातातले काम टाकायची वेळ हीच. पुढच्या टप्प्यात तो झोकांड्या खातो, हाक ओळखत नाही, उलटी होते, शौचातून रक्त पडते. हिरड्या फिकट वा जांभळट पडणे, झटके येणे, शुद्ध हरपणे या शेवटच्या पायऱ्या. घरी गुदद्वारात लावायचा डिजिटल थर्मामीटर असेल तर तापमान पाहावे, पण आकडा मिळेपर्यंत वाट पाहत बसू नये.

आधी थंड करायचे, मग दवाखान्यात न्यायचे, हा क्रम आता पशुवैद्यक आग्रहाने सांगतात. वाटेतल्या पाऊण तासात शरीर आतून शिजत राहते, म्हणून गाडी काढायच्या आधीची दहा मिनिटे पाण्याला द्यावीत. कुत्र्याला सावलीत आणावे, गळपट्टा काढावा आणि मान, छाती, पोट, मांड्या, पंजे यांवर भरपूर पाणी ओतावे. वरचे केस भिजून भागत नाही, पाणी कातडीपर्यंत गेले पाहिजे. समोर पंखा लावावा किंवा वर्तमानपत्राने वारा घालावा. ओले अंग आणि वाहती हवा यांनी मिळून उष्णता निघते. पाणी कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असले की पुरे. बर्फ शोधायला कोणाला धाडण्यात वेळ दवडू नये. फक्त गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी नळाला येणारे पहिले पाणी कढत असते. ते सोडून द्यावे किंवा बादलीतले, पिंपातले, विहिरीचे पाणी घ्यावे.

पळून दमलेला, तरणा, शुद्धीवर असलेला कुत्रा डोके वर धरून सरळ पाण्याच्या टबात बसवता येतो. म्हातारा, आजारी, चपट्या तोंडाचा किंवा अर्धवट शुद्धीतला कुत्रा पाण्यात बुडवू नये, त्याच्यावर पाणी ओतणे आणि वारा घालणे हेच बरे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायची जुनी सवय मोडायला हवी. मिनिटाभरात तो टॉवेल कोमट होतो आणि खालची उष्णता कोंडतो. टॉवेलच वापरायचा तर कुत्र्याच्या अंगाखाली घालावा.

प्यायला पाणी समोर ठेवावे, तो पिईल तेवढे पिऊ द्यावे. शुद्ध नसेल तर चमच्याने वा सिरिंजने तोंडात काही घालू नये. ते फुप्फुसात जाते. माणसांच्या तापाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, अजिबात नकोत. हा ताप रोगाचा नसल्यामुळे त्या लागू पडत नाहीत आणि कुत्र्याला त्यांची विषबाधा होते. तापमान 39.5 अंशांवर आले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर ते नेहमीपेक्षा खाली घसरते. थर्मामीटर नसेल तर धाप सैल पडली, कुत्रा उठून बसला, हाकेला मान वळवू लागला, हे थांबण्याचे लक्षण मानावे. मग एसी सुरू करून किंवा काचा खाली करून गाडीतून न्यावे आणि निघतानाच दवाखान्यात फोन करावा.

कुत्रा तरतरीत दिसू लागला म्हणून दवाखाना टाळणे ही नेहमीची आणि महाग पडणारी चूक आहे. उष्णतेचा मार मूत्रपिंडे, यकृत, आतडी आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवर बसतो आणि त्याचा परिणाम 24 ते 72 तासांनी दिसू शकतो. त्या दिवसांत पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके, काळी शी, लघवी कमी होणे किंवा गडद होणे यांवर लक्ष ठेवावे. एकदा उष्माघात झालेल्या कुत्र्याला त्या उन्हाळ्यात पुन्हा जोराचा व्यायाम देऊ नये.

रस्त्यावरची कुत्री

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी घराबाहेर पाणी ठेवण्याची चाल महाराष्ट्रात बरीच रुजली आहे. सिमेंटची जड कुंडी किंवा मातीचे पसरट परळ घ्यावे, कलंडत नाही आणि चोरीलाही जात नाही. ती फाटकासमोर न ठेवता भिंतीच्या सावलीला, वाहनांच्या वाटेपासून बाजूला ठेवावी, म्हणजे शेजाऱ्यांशी तंटा होत नाही. कुंडी रोज पूर्ण रिकामी करून काथ्याने घासायची असते. नुसते वरून पाणी भरत राहिले तर डासांच्या अळ्या वाढतात. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

दुपारी मोकळी कुत्री उभ्या गाड्यांखाली झोपतात, कारण शहरात त्यांना मिळणारी तीच एक भरवशाची सावली. उन्हाने ग्लानी आलेला कुत्रा इंजिनच्या आवाजाने लगेच उठत नाही. गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे, चाकावर हात थापटावा आणि तो बाहेर पडेपर्यंत थांबावे.